जिथे पहिला नंबर कुणाचाच नसतो!

सायकल हे कष्टकऱ्याचे वाहन आहे. कारखान्याची पाळी असो, दुधाचा रतीब असो, पेपरची लाइन असो की टपालाची पिशवी असो, हँडलला डबा अडकवून पहाटे घराबाहेर पडणारा माणूस आपल्या प्रत्येक वस्तीत होता आणि आजही आहे. अशा माणसाला कुणी सांगितले की, सायकलवर दोनशे किलोमीटर जाण्यासाठी लोक स्वतःचे पैसे भरतात आणि शेवटी बक्षीसही मिळत नाही, तर तो हसेल. तरीही आम्ही नाशिकची काही मंडळी गेली काही वर्षे या नादाला लागलो आहोत. आमच्यात एक लेथवर काम करणारा टर्नर आहे, एक परिचारिका आहे, एक शिक्षक आहे, एक पोस्टमन आहे आणि प्रस्तुत लेखकासारखा कारकूनही आहे. हा प्रकार काय आहे आणि आपल्या कुटुंबांनी त्याकडे का पाहावे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

स्पर्धा नव्हे, घड्याळाशी करार

या सायकल-प्रवासाला ‘ब्रेव्हे’ म्हणतात. हा फ्रेंच शब्द आहे. त्याचा साधा अर्थ प्रमाणपत्र. अंतर आणि वेळ आधीच ठरलेली असते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४० तास. चहा, जेवण, पंक्चर, झोप, सारे याच वेळेत बसवायचे. एकाच हंगामात ही चारही अंतरे पुरी करणाऱ्याला ‘सुपर रँडोनिअर’ म्हणतात.

निघताना हातात एक कार्ड मिळते. वाटेत ठरावीक ठिकाणी तपासणी असते. तिथे शिक्का किंवा पावती घ्यावी लागते. प्रत्येक ठिकाणाची उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ ठरलेली असते. म्हणजे फार उशिरा पोहोचून चालत नाही, तसेच फार लवकर पोहोचूनही उपयोग नाही! वाटेत कुणाची गाडी मागे ठेवून मदत घेता येत नाही. मदत घ्यायची ती तपासणीच्या ठिकाणीच. मात्र बरोबरच्या सायकलस्वारांनी एकमेकांना हात द्यायला मुळीच बंदी नाही. सायकल अमुकच हवी असाही नियम नाही. माणसाच्या बळावर चालली म्हणजे झाले.

हे आले कुठून?

१८९७ साली इटलीत काही सायकलस्वार एका दिवसात रोमहून नेपल्सला गेले. या धाडसावरून ‘ऑडॅक्स’ हे नाव रूढ झाले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच धाडसी. पॅरिसमध्ये १९०४ साली ऑडॅक्स क्लब पॅरिसियन स्थापन झाला. आज जगभरच्या ब्रेव्हेंची नोंद याच संस्थेकडे होते.

त्याआधीच, १८९१ साली, पॅरिसहून समुद्रकाठच्या ब्रेस्ट शहरापर्यंत जाऊन परत पॅरिसला येण्याची सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत झाली होती. ती शार्ल तेराँ याने सुमारे ७१ तासांत जिंकली. त्याच्या सायकलला काढता-घालता येणारे हवेचे टायर होते. आज आपला पंक्चरवाला दोन पान्यांनी टायर सहज उतरवतो, ती सोय तेव्हा अगदी नवी होती. १९०१ ची शर्यत मोरिस गारँ याने जिंकली. हा गारँ धुराडी साफ करण्याचे काम करून वर आलेला माणूस. पुढे १९०३ साली पहिली ‘टूर द फ्रान्स’ही त्यानेच जिंकली. सायकलने कष्टकऱ्याला मोठे केल्याचा हा जुना दाखला होय.

१९३१ पासून याच वाटेवर हौशी सायकलस्वारांसाठी ब्रेव्हे सुरू झाले. हल्ली ते दर चार वर्षांनी होते आणि त्याला जास्तीत जास्त ९० तास मिळतात. २०१९ आणि २०२३ साली आपल्या देशातूनही बरीच मंडळी तिथे गेली. वाटेवरच्या खेड्यांतले लोक घराबाहेर टेबल मांडून रात्रभर पाणी, कॉफी देतात. ओळख ना देख!

आपल्या नाशिकचेही नाव या क्षेत्रात झाले आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली. ती मात्र खरी शर्यत. आमचा मामला वेगळा.

कसारा घाटातला टर्नर

आमच्या टर्नर मित्राचे उदाहरण सांगतो. ज्या काळ्या, बिनगियरच्या सायकलवर तो वीस वर्षे सातपूरच्या कारखान्यात गेला, तीच घेऊन तो २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला उभा राहिला. नवे ब्रेक-रबर घातले, चेनला तेल दिले, एवढीच तयारी. वाट कसारा घाट उतरून शहापूरच्या बाजूला जाणारी आणि तोच घाट चढून परत येणारी. या चढावर रेल्वेलासुद्धा मागून जादा इंजिने लावावी लागतात, हे वाचकांना ठाऊक असेलच.

परतीच्या वाटेवर घाटाच्या पायथ्याशी एक गृहस्थ भारी किमतीची सायकल घेऊन रस्त्याकडेला उभे होते. दोनदा पंक्चर झालेले, आणि जादा ट्यूब एकच. आमच्या मित्राने थांबून, ट्यूब घासून, सोल्युशन लावून पंक्चर काढले. त्यात त्याची वीस मिनिटे गेली. पुढे घाटात बराच वेळ सायकल हातात धरून तो चालला. शेवटच्या ठिकाणी पोहोचला तेव्हा मुदत संपायला अकरा मिनिटे उरली होती! ते गृहस्थ त्याच्या दीड तास आधी पोहोचले होते. दोघांनाही सारखेच प्रमाणपत्र मिळाले.

घरी मुलीने विचारले, “बाबा, कितवा नंबर आला?” त्याने कार्ड तिच्या हातात दिले. त्यावर शिक्के होते, वेळा होत्या, नंबर कुठेच नव्हता. ब्रेव्हेच्या निकालात नंबर नसतोच. मुदतीत आलेला प्रत्येक जण सारखा. लहानपणापासून पहिला कोण, शेवटचा कोण, याच मापाने मोजल्या गेलेल्या आपल्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगण्यासारखी नाही काय?

भगिनींनी काय करावे?

स्त्री-पुरुषांना वेळ सारखीच असते. आमच्या परिचारिका भगिनीने ३०० किलोमीटर पुरे केले. त्यात रात्रीचा प्रवास आला. अडचणी खऱ्या आहेत. हमरस्त्यावर स्वच्छतागृह सापडत नाही, सापडले तर कुलूप असते. आम्ही रात्री त्यांच्याबरोबर राहू म्हणालो, तेव्हा त्या म्हणाल्या, “सोबत चालेल, राखण नको.” त्या दिवशी मुलांचे जेवणखाण त्यांच्या यजमानांनी सांभाळले. घरातून असा आधार मिळाला तर अनेक भगिनी पुढे येतील.

सुरुवात कशी करावी?

प्रथम रविवारी वीस किलोमीटर, मग चाळीस, असे तीन-चार महिन्यांत शंभरपर्यंत जावे. सीटची उंची अशी ठेवावी की, टाच खालच्या पॅडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. तहान लागण्याआधी पाणी प्यावे, भूक लागण्याआधी खावे. केळी, चिक्की, मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी पुरेसे होते. जादा ट्यूब, पंप, पाने, सोल्युशन आणि ठिगळ जवळ हवेच. हेल्मेट, पुढे-मागे दिवे आणि रात्री चमकणारे जाकीट यांत काटकसर नको. डोळे मिटू लागले तर सुरक्षित जागी वीस मिनिटे झोपावे. झोपेत सायकल चालवणे म्हणजे जिवाशी खेळ. चाळिशी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावे. मध्येच सोडून एस.टी.ने परत येण्यात कमीपणा मुळीच नाही.

आणखी एक. बाजारात लाखाच्या सायकली आहेत. त्या पाहून कुणी कर्ज काढू नये. मुलांची फी आधी, सायकल नंतर. जिन्याखाली धूळ खात पडलेली जुनी सायकल बाहेर काढावी, हवा भरावी आणि येत्या रविवारी मुलांना घेऊन निघावे. पहिल्या दिवशी वीस किलोमीटर झाले तरी पुष्कळ.