कणसातले मोड आणि बिअर

काढणीच्या वेळी पावसाने गाठले की धुळे-जळगावकडे उभ्या ज्वारीच्या कणसातच मोड फुटतात. अशा पिठाची भाकरी थापताना चिरते. शेतकऱ्याचे हे नुकसान. बिअर करणारा मात्र तेच मुद्दाम घडवतो. एरवी तो बार्ली घेतो, पण आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होते. थोडीथोडी, प्रयोग म्हणून बिअर करणारेही वेगळी धान्ये वापरून पाहतात. काहीजण ती ओकच्या पिंपात मुरवतात; लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलीन, म्हणजे आइस्क्रीममधला ओळखीचा वास, तिच्यात उतरतो.

पण मुळात मोड कशाला? यीस्टला स्टार्च पचत नाही, साखर लागते. मोड येताना दाण्यात तयार होणारे अमायलेज हे विकर स्टार्चची साखर करते. वर्गात बिअर नको, पण एवढे आपण दाखवू शकतो. मोडाची ज्वारी वाळवून दळा, पाण्यात कालवून गाळा. साध्या ज्वारीचेही तसेच पाणी करा. दोन परीक्षानळ्यांत भाताची पातळ पेज घेऊन एकेक पाणी घाला. नळ्या 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, गार करा, मग आयोडीनचा थेंब टाका. निळा रंग कुठे फिका पडला?

चव मात्र कुणालाही घेऊ देऊ नका. ज्वारीच्या मोडांत धुरिन असते. त्यातून विषारी हायड्रोसायनिक आम्ल सुटते. बिअरसाठी मोड वाळवून कोंब-मुळे चोळून काढतात, आणि पुढे उकळताना हे आम्ल बरेचसे उडून जाते. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात, ती याच विषाने. वर्गातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना विचारून पाहा.