आधी आजीलाच विचारा

विनयपिटकात एक प्रसंग आहे. हगवणीने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता. तथागतांनी आधी त्यालाच विचारले, काय होते आहे आणि तुझ्याकडे बघायला कोणी आहे का? कोणीच नव्हते. मग तथागतांनी पाणी ओतले आणि आनंदांनी त्याचे अंग धुतले.

आपल्या म्हाताऱ्या माणसांना हे दोन प्रश्न कोण विचारते? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांत ज्यांनी कंपन्यांत पाळ्या केल्या, बिगारी केली, घरकाम केले, त्यांच्या पिशवीत आज शुगरचा एक कागद, बीपीचा दुसरा, डोळ्यांचा तिसरा. डॉक्टर विचारतात मुलाला, उत्तर देते सून, आजी गप्प. दोन दवाखान्यांतून एकच गोळी दोन नावांनी आली तरी कळत नाही.

म्हणून तपासणी एकत्र हवी आणि ती माणसापासून सुरू व्हायला हवी. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांच्या सहा गोष्टी पाहायला सांगते : चालणे, स्मरण, आहार, नजर, ऐकणे आणि मन. हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा १४ सेकंदांत उठता येते का? (खुर्ची भिंतीला टेकवा, शेजारी कोणी उभे राहा.) सांगितलेले तीन शब्द थोड्या वेळाने आठवतात का? तीन महिन्यांत ३ किलोपेक्षा जास्त वजन उतरले का? ते टीबीचेही लक्षण असू शकते. यात अडले म्हणजे रोग ठरला असे नाही, पण डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

आशाताई ३० वर्षांवरील सर्वांचा फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे ज्येष्ठांनी स्वतः द्यावीत.

आम्ही सुचवतो : वर्षावासात ग्रंथवाचनाला ज्येष्ठ विहारात येतातच. एका रविवारी आशाताई, परिचारिका आणि महिला मंडळाने मिळून तिथेच प्रत्येकाची एक वही करावी. पहिल्या पानावर त्यांच्याच शब्दांत लिहा, मला काय करता आले पाहिजे? कोणाला विहाराची पायरी चढायची असेल, कोणाला रात्री एकटीने संडासला जायचे असेल. पुढे सर्व गोळ्या आणि तपासण्या. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा. लघवीचा त्रास, एकटेपणा, घरातला जाच हे चारचौघांत विचारू नका. वही त्यांच्याच ताब्यात राहील.

तीच वही उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, अंबरनाथच्या छाया रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात प्रत्येक वेळी न्या. वय ७० झाले असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. योजनेतील रुग्णालयात दाखल झाल्यास कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत मिळतात. अडचण आली तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे.

ज्यांनी पोटाला चिमटा काढून आपल्याला शिकवले, त्यांना स्वतःच्या शरीराबद्दल बोलण्याचा पहिला हक्क आहे. तो त्यांना देऊया. जयभीम!