निर्व्यसनी पिढी : काम घराचे आणि समाजाचेही

एखादा मुलगा व्यसनाच्या वाटेला लागला की आपल्याकडे बोल लावला जातो तो एक तर त्याच्या संगतीला, नाही तर आईबापांच्या संस्कारांना. यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु तो ज्या वस्तीत वाढला, ज्या शाळेत शिकला, ज्या मंडळाच्या गणपतीपुढे नाचला, त्यांनी आपल्या वाट्याचे काय केले, हे सहसा कोणी विचारीत नाही. एका चिमुकल्या देशाने हा प्रश्न स्वतःला विचारला. त्याला मिळालेले उत्तर प्रत्येक पालकाने समजून घ्यावे असे आहे.

तो देश म्हणजे उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड. लोकसंख्या चार लाखांच्याही आत. १९९८ साली तेथील १५-१६ वर्षांच्या मुलामुलींपैकी ४२ टक्के मुले मागील महिन्याभरात एकदा तरी दारू पिऊन झिंगलेली होती. २३ टक्के मुले रोज सिगारेट ओढीत आणि १७ टक्क्यांनी गांजाची चव घेतलेली होती. २०१६ साली हेच आकडे अनुक्रमे ५, ३ आणि ७ टक्क्यांवर आले.

हे कसे घडले? व्यसनांच्या दुष्परिणामांवर व्याख्याने देण्याचा प्रयोग तेथेही होऊन गेला होता. मुले ऐकत आणि विसरत. मग समाजशास्त्रज्ञांनी उलट बाजूने विचार केला. १९९२ पासून शाळाशाळांतून प्रश्नावल्या भरून घेण्यात येत होत्या. त्यांतून, जी मुले व्यसनाकडे वळत नाहीत त्यांचे काय वेगळे असते, हे पाहण्यात आले. चार गोष्टी ठळकपणे दिसल्या : आठवड्यातून तीन-चार वेळा खेळ किंवा कलेचा नियमित सराव, आईवडिलांसमवेत जाणारा भरपूर वेळ, शाळेत आपली कोणाला तरी काळजी आहे ही भावना, आणि रात्री उशिरापर्यंत बाहेर न भटकणे.

या चार गोष्टींभोवती सारी योजना उभी राहिली. १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू आणि २० वर्षांखालील मुलांना दारू विकण्यास बंदी, दोहोंच्या जाहिरातींस मनाई. हिवाळ्यात १३ ते १६ वर्षांच्या मुलांनी रात्री १० पूर्वी घरी परतावयाचे, उन्हाळ्यात मध्यरात्रीपूर्वी. खेळ, संगीत, नृत्य यांसाठी सरकारी पैसा वाढला. गरीब घरच्या मुलांची फी भरण्याचीही सोय झाली. प्रत्येक शाळेत पालकांची संघटना आली. मुलांना दारू आणून द्यावयाची नाही, देखरेखीवाचून मेजवान्या होऊ द्यावयाच्या नाहीत, अशा करारांवर पालक सह्या करू लागले, आणि संध्याकाळी वस्तीतून गस्तही घालू लागले. १९९७ ते २०१२ या काळात, आठवड्याच्या कामाच्या दिवशी आईवडिलांबरोबर पुष्कळ वेळ घालविणाऱ्या मुलांचे प्रमाण २३ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेले.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तिचे दुकान चालत नाही. गुटखाबंदीत तर मध्य प्रदेशाने २०१२ साली पहिले पाऊल टाकले. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद आहे. पण कायदा दुकानाच्या पायरीपर्यंत पोचतो. माजघरात काय चालते ते त्याला दिसत नाही. "बाळ, कोपऱ्यावरून तंबाखूची पुडी घेऊन ये" असे सांगणारे आजोबा, दात घासण्याच्या निमित्ताने मिशरी लावणारी आत्या, लग्नकार्यात "आता मोठा झालास, एक घोट घे" म्हणणारे काका, यांच्यापैकी कोणाचाही हेतू वाईट नसतो. मुलाला मात्र त्यातून इतकेच समजते, की मोठे होणे म्हणजे हे करता येणे. म्हणून पहिला करार घरातल्या घरात व्हावयास हवा.

दुसरा करार समाजाचा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद येथील मराठी माणसांनी पिढ्यानपिढ्या वाचनालये, व्यायामशाळा, महाराष्ट्र मंडळे चालविली. गणेशोत्सवाचे दहा दिवस तेथे पोरांना उसंत नसते. मग उरलेल्या वर्षभर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने संध्याकाळी पाच ते आठ जावे कोठे? मंडळाच्या सभागृहात आठवड्यातून तीन दिवस मल्लखांब, तबला किंवा नाटकाची तालीम सुरू झाली, आणि दहा घरांनी मिळून मुलांच्या परतीची एकच वेळ ठरविली, तर "बाकीच्यांना परवानगी आहे" ही नेहमीची तक्रारही आपोआप संपेल.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. आपला समाज आटोपशीर. सारे एकमेकांच्या नात्यातले वा ओळखीतले. त्यामुळे घरात व्यसन शिरले की पहिली धडपड असते ती झाकण्याची. लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे जमेल, या धास्तीत उपचाराची महत्त्वाची वर्षे निघून जातात. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणाने व्यसन हा आजार मानला आणि रुग्णाबरोबर त्याच्या घरच्या माणसांनाही हाताशी धरले. मधुमेहाची वाच्यता करताना आपण लाजत नाही. व्यसनाचीही लाजू नये. १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

मुलाची झोप, मित्र, पैशांचा हिशेब एकाएकी बदलला तर दरडावून चौकशी करण्याआधी त्याच्याशेजारी बसावे. रोजचे एक जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे, त्या वेळी दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद ठेवावेत. येत्या मंडळाच्या बैठकीत मुलांच्या संध्याकाळचा विषय कोणीतरी काढावा. यापैकी कशालाही फारसा पैसा लागत नाही. लागतो तो वडीलधाऱ्यांचा वेळ.