तुझा पाय मोडो, टचवूड!

बारावीची परीक्षा सुरू झाली, दहावीची तोंडावर आली. चौकाचौकांतल्या फलकांवरून इच्छुक उमेदवार परीक्षार्थींना ‘ऑल द बेस्ट’ देऊ लागले आहेत. परीक्षा नेमकी कुणाची, असा प्रश्न पडावा इतके त्यांचे फोटो मोठे. हे दरवर्षीचंच. यंदा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र एका तरुण रहिवाशानं बारावीच्या मुलीला ‘ब्रेक अ लेग!’ असं लिहिलं आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त काका भडकले. परीक्षेच्या आदल्या रात्री पोरीचा पाय मोडायचे आशीर्वाद देता?

काकांची समजूत घालायला ग्रुपवरचे विद्वान धावले. एकानं सांगितलं, अब्राहम लिंकनवर गोळी झाडून मारेकरी जॉन विल्क्स बूथनं रंगमंचावर उडी मारली, त्याचा पाय मोडला, तिथून हे आलं. दुसऱ्यानं प्राचीन ग्रीकांना आणलं. ते म्हणे टाळ्यांऐवजी पाय आपटत. तिसऱ्याच्या मते ‘लेग’ म्हणजे विंगेतला पडदा, तो ओलांडून पुढे गेलं तरच नटाला पैसे मिळत. पाऊण तासात एका वाक्प्रचाराचे तीन बाप हजर, आणि एकाकडेही कागद नाही.

लिंकनची गोष्ट त्यातल्या त्यात चलाख, कारण तिचा अर्धा भाग खरा आहे. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरात बूथनं उडी मारली आणि त्याचा पाय मोडला, हे त्यानं स्वतःच रोजनिशीत लिहून ठेवलंय. पण पुढची पन्नासहून अधिक वर्षं या वाक्प्रचाराचा मागमूस सापडत नाही. तो सापडतो १९२१ साली, रॉबर्ट लिंड या आयरिश निबंधकाराच्या ‘न्यू स्टेट्समन’मधल्या अंधश्रद्धांवरच्या लेखात, आणि तिथंही नाटकाच्या नव्हे, घोड्यांच्या शर्यतीच्या संदर्भात! शर्यतीला निघालेल्याला ‘यश मिळो’ म्हणणं अशुभ, त्यापेक्षा पाय मोडो म्हणावं, अशी त्या मंडळींची समजूत. अंधश्रद्धेत रेसवाल्यांच्या खालोखाल नंबर नाटकवाल्यांचा, असं लिंड सांगतो. १९३९ मध्ये अमेरिकी लेखिका एडना फर्बर आपल्या आत्मचरित्रात हा वाक्प्रचार नाट्यगृहात आणते. तिथं मागच्या रांगेत बसलेले राखीव नट मुख्य नटांचा पाय मोडो अशी इच्छा करतात. मुख्य नटाचा पाय मोडल्याशिवाय ज्यांना काम मिळणार नाही, त्यांच्याच तोंडी ही शुभेच्छा. म्हणजे सुरुवातीला तिच्यात थोडा प्रामाणिकपणाही असावा.

जर्मनमध्ये याच अर्थानं ‘हाल्स उंड बाइनब्रुख’ म्हणतात, म्हणजे मान आणि पाय मोडो. काही भाषाभ्यासकांचा तर्क असा की हे मुळात ज्यूंच्या यिडिश बोलीतलं ‘हात्स्लोखे उन ब्रोखे’. अर्थ, यश आणि आशीर्वाद. जर्मन कानांना त्यात मानमोड ऐकू आली. हा तर्कच आहे, पण माझ्या फार आवडीचा. तो खरा असेल तर काका ज्याला शाप समजले तो चुकीचा ऐकलेला आशीर्वाद ठरतो.

आणि काकांना तर हे कळायला हवं होतं. चांगलं बोलून दाखवलं की कुणाची तरी नजर लागते, ही भीती आपल्याकडे कमी आहे का? आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू ठेवायची रीत होती. नशिबानं ढुंकूनही पाहू नये म्हणून. ‘ब्रेक अ लेग’ हा इंग्रजीतला धोंडू आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. तो रंगमंचावर शोभतो. परीक्षा, मुलाखत, भाषण इथंही हल्ली चालतो. बॅले नर्तकांना मात्र तो म्हणू नये. ज्यांची पोटं पायांवर चालतात ते चेष्टेतही हे ऐकून घेत नाहीत. ते एकमेकांना ‘मेर्द’ म्हणतात. या फ्रेंच शब्दाचा अर्थ रविवारच्या चहाबरोबर सांगण्यासारखा नाही.

‘टचवूड’चं प्रकरण याहून रंगतदार. हा शब्द आता मराठीच झालाय. “चार वर्षांत गाडी एकदाही बंद पडली नाही, टचवूड,” असं म्हणत आपण सनमायक्याच्या टेबलावर टकटक करतो, लाकूड नसेल तर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. (ब्रिटनमध्ये टच, अमेरिकेत नॉक, आपण बोलतो ब्रिटिश आणि करतो अमेरिकी.) याचीही पुराणं पुष्कळ आहेत. झाडांत देव राहत, त्यांना जागं करायचं. किंवा ख्रिस्ताच्या क्रुसाचं लाकूड. ही उत्तरं ऐकायला भारदस्त वाटतात आणि म्हणूनच टिकतात.

त्यांच्यावर पाणी ओतलं स्टीव्ह राउड या इंग्रज लोकसाहित्य-अभ्यासकानं. हा मुळात ग्रंथपाल. हजारो लोकगीतांच्या नोंदींची त्यानं केलेली सूची जगभर वापरली जाते. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या अंधश्रद्धांवरचा त्याचा जाडजूड कोश २००३ साली पेंग्विननं काढला. राउडची पद्धत सोपी आणि निर्दय आहे: गोष्ट कितीही छान असो, ती पहिल्यांदा छापील केव्हा दिसते ते दाखवा. या चाळणीतून हजारो वर्षांच्या म्हणवल्या जाणाऱ्या कितीतरी समजुती एकोणिसाव्या शतकातल्या निघतात. ‘टचवूड’ही त्यातलीच. वृक्षदेवता आणि आजचं टकटकणं यांच्या मधल्या शतकांत एकही पुरावा नाही. पुरावा मिळतो तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, आणि तोही मुलांच्या खेळाचा. ‘टिगी टचवूड’ नावाची ती शिवाशिवी. ज्यावर राज्य तो पाठलाग करणार, पण तुमचा हात लाकडाला लागलेला असेल तोवर तो तुम्हाला बाद करू शकत नाही.

म्हणजे भोज्या! अंगणात खेळलेल्या कुणालाही हे दोन वाक्यांत कळावं. नशीब नावाचा गडी मागे लागलाय, त्याच्यावर राज्य आहे, आणि आपण धापा टाकत भोज्याला शिवतोय. झाडांतल्या देवांपेक्षा हे उत्तर मला कितीतरी जास्त पटतं. पोरांचा खेळ मोठ्यांच्या तोंडी टिकला, यात कमीपणा तो काय?

‘फिंगर्स क्रॉस्ड’बद्दल थोडक्यात. निकाल आपल्या हातात उरला नाही, फक्त वाट पाहायची, तेव्हा हे म्हणायचं. पेपरला बसताना नव्हे, पेपर देऊन आल्यावर. ब्रिटनची नॅशनल लॉटरी १९९४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिनं बोधचिन्ह घेतलं ते हेच, एकमेकांवर चढवलेल्या दोन बोटांचं. तीच बोटं पाठीमागे लपवली तर अर्थ उलटतो: मी आत्ता बोलतोय ते खोटं आहे. आणि ‘थर्ड टाइम लकी’ ऐकून आपल्या ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’वाल्यांनी गोंधळू नये, तिथं तिसरा प्रयत्न फळतो.

जन्मदाखला असलेला या घराण्यातला खानदानी शब्द म्हणजे ‘सेरेंडिपिटी’. शोधत होतो एक आणि हाती लागलं दुसरंच, तेही अधिक चांगलं. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकानं २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात हा शब्द घडवला, सेरेंदीपच्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून. सेरेंदीप म्हणजे श्रीलंका. अरबी ‘सरंदीब’, आणि त्याच्या मुळाशी आपलंच सिंहलद्वीप. संस्कृतात काकतालीय न्याय होता, मराठीत बोलाफुलाला गाठ आहे. पण त्यांत केवळ योगायोग येतो, घबाड येत नाही.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. ‘गुड लक’चं शब्दशः मराठी करून पाहा. परीक्षेला निघालेल्या मुलीला “तुझं नशीब चांगलं असो” म्हणा. तोंडावर अपमान! वर्षभर रात्री जागून अभ्यास केला तिनं, आणि तुम्ही नशीब काढता? आपण म्हणतो यश मिळो, यशस्वी हो. “नशिबानं पास झाला” हे मराठीत कौतुक नव्हे.

हा फरक शब्दांच्या पोटातच आहे. ‘लक’ हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकात आला, डच आणि उत्तर जर्मनीकडच्या बोलींतून, आणि बहुधा जुगाऱ्यांच्या तोंडून. ‘जॅकपॉट’ पोकरच्या डावातला. ‘फ्लूक’ बिलियर्ड्सच्या टेबलावरचा. ‘हॅपी’ या शब्दाचा जुना अर्थही सुखी नव्हे तर नशीबवान. त्यातला ‘हॅप’ म्हणजे योगायोग, तोच ‘हॅपन’मध्ये आणि ‘परहॅप्स’मध्ये बसलाय. फासा पडायचा आहे अजून, म्हणून शुभेच्छेला अर्थ आहे. आपल्याकडे भाग्य म्हणजे वाट्याला आलेला भाग. अरबीतून आलेलं नशीब म्हणजेही वाटा, किस्मत म्हणजेही वाटणी. प्रारब्ध तर आधीच सुरू झालेलं, आणि सटवाईनं कपाळावर लिहून टाकलेलं. वाटप उरकल्यावर शुभेच्छा कसल्या द्यायच्या? इंग्रजीतही ‘लॉट’ हा वाट्याचा शब्द आहे, हे मान्य. पण शुभेच्छा देताना तो कुणी काढत नाही.

मला वाटतं, म्हणूनच आपण ‘गुड लक’ बाजूला ठेवून ‘ऑल द बेस्ट’ला घरजावई केलं. त्यात नशिबाचा उल्लेखच नाही. देवेंद्र पेम यांच्या ‘ऑल द बेस्ट’ या गाजलेल्या नाटकाचं नावही मराठी प्रेक्षकाला कधी परकं वाटलं नाही. इंग्रजांकडे मात्र हे निरोपाचंही वाक्य आहे, पत्राच्या शेवटी सहीच्या वर येणारं. लंडनहून आलेल्या ई-मेलखाली ते दिसलं तर आपली कसली परीक्षा आहे म्हणून दचकू नका.

दचकायचं ते दुसऱ्याच वाक्यांना. ‘यू विल बी लकी’ हा आशीर्वाद वाटतो, ब्रिटिश माणूस स्वर किंचित वर नेऊन ते म्हणतो तेव्हा अर्थ असतो, “विसरा, होणार नाही.” ‘बेस्ट ऑफ ब्रिटिश’ म्हणजे ब्रिटिश नशिबाच्या शुभेच्छा, पण बहुतेकदा सूर असतो “बघ बाबा, जमतंय का.” ‘गुड लक टु हिम’मध्ये खांदे उडवणं आहे: करू दे त्याला काय करायचं ते. आणि ‘गुड लक विथ दॅट’ तर सरळ टोमणा.

तेव्हा परीक्षार्थी घरातून निघताना हातावर दही-साखर द्या, ‘ऑल द बेस्ट’ही खुशाल म्हणा. लेकीनं स्वतःच ‘ब्रेक अ लेग’ मागितलं तर तेही द्या, फक्त काकांना आधी कल्पना द्या. ‘गुड लक विथ दॅट’ मात्र गणिताच्या पेपरच्या सकाळी चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका.