गाडीचं नाक वळेना तेव्हा

गेल्या वर्षी भाच्याची स्विफ्ट जांबोटीला आमच्या घरामागच्या शेडमध्ये टेम्पोतून उतरवली, तेव्हा तिच्या पुढच्या बंपरमध्ये कोइमतूरची वाळू होती. करी मोटर स्पीडवेवर हौशी चालकांसाठी ठेवलेल्या एका दिवसात ती वळणावर वळलीच नव्हती. स्टिअरिंग पूर्ण फिरवलेलं आणि गाडी मात्र सरळ वाळूत! पोराला काही लागलं नाही, पण बहिणीने फोनवर मला स्पष्ट सांगितलं, "दादा, ती गाडी विकून टाक. दोन वर्षांचा पगार घातलाय त्यात, आता जीव घालायला नको."

माझं आयुष्य बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर गेलं. मी म्हटलं, "मला चार रविवार दे. बाजारातून एकही नवा पार्ट आणणार नाही."

आमच्या भागात या खेळाचं वेड नवीन नाही. शेजारच्या कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक ब्रिटनमध्ये फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचले, ध्रुव मोहिते यांनीही देशातल्या शर्यती गाजवल्या. त्यांच्या बातम्या वाचून भाच्याने जुनी १.३ लिटरची स्विफ्ट घेतली. इंजिनची ताकद वाढवली, रुंद टायर घातले. पुढे ताठ आणि ४० मि.मी. आखूड स्प्रिंगा बसवल्या. मागच्या स्प्रिंगांपर्यंत येईतो पैसे संपले, म्हणून मागचं सगळं कंपनीचंच राहिलं. नेमकं इथंच पाणी मुरत होतं.

स्टिअरिंग फिरवूनही पुढची चाकं बाहेर घसरत राहतात, त्याला अंडरस्टिअर म्हणतात. शेपूट बाहेर गेली तर ओव्हरस्टिअर. १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या मॉरिस ओली या इंग्रज इंजिनिअरने हे शब्द रूढ केले.

हे का होतं? जांबोटीहून चोर्ल्याच्या घाटाकडे जाणाऱ्या बसमध्ये उभे राहा. वळणावर सगळी माणसं बाहेरच्या बाजूला कलतात. गाडीचं वजनही तसंच बाहेरच्या चाकांवर जातं. एकूण किती जाणार ते वेग, वळणाचा घेर, गाडीची उंची आणि चाकांमधली रुंदी यांवर ठरतं. स्प्रिंगा ते थांबवू शकत नाहीत. पण त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या, हे त्यांचा ताठपणा ठरवतो. पालखीला खांदा देणाऱ्यांत जो ताठ उभा राहतो, त्याच्याच खांद्यावर भार येतो ना, तसंच. आणि टायरवरचं वजन दुप्पट झालं म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. आमच्या गाडीत पुढचा बाहेरचा टायर एकटाच सगळा बोजा सोसत होता, आतला जवळपास रिकामा. त्यात हीच चाकं गाडी ओढतातही. वाढवलेल्या ताकदीने उरलीसुरली पकड खाल्ली.

घाटाचा रस्ता हा प्रयोगाची जागा नव्हे. ओळखीच्या एका कारखान्याचं डांबरी आवार रविवारी रिकामं असतं. तिथे खडूने १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखलं. त्यावर गाडी जमेल तितक्या वेगाने एकसारखी फिरवायची आणि एका फेरीचा वेळ मोजायचा. घड्याळ आणि वही बहिणीच्या हातात दिली. ती नको नको म्हणत आली, पण आली. पहिला आकडा ८.७ सेकंद. एकसारख्या वेगातही नाक बाहेर जात होतं, म्हणजे दोष पोराच्या ब्रेक मारण्यात नव्हता, गाडीतच होता.

नियम एकच ठेवला : एका वेळी एकच बदल, आणि लगेच वहीत नोंद.

पहिल्या रविवारी टायरच्या कडेला खडू फासला. पुढच्या टायरांचा खडू बाहेरच्या खांद्यावरूनही घासून गेला. हवा थोडी वाढवली, फारसा फरक पडला नाही. मग पाहिलं, की गाडी खाली बसवल्यामुळे खालची आर्म उलटी, वरच्या दिशेने तिरपी झाली होती. अशी आर्म असली की गाडी कलताना चाकही बाहेर कलतं आणि टायर कडेवर चालतो.

दुसऱ्या रविवारी कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवणं. यंत्र नव्हतं, म्हणून गवंड्याचा ओळंबा चाकाबाहेर टांगला. सुमारे ४०० मि.मी.च्या रिमवर वरची कड खालच्या कडेपेक्षा १४ मि.मी. आत गेली की २ अंश होतात. तेवढं केलं. वेळ ८.५.

तिसरा रविवार जड गेला. मी म्हटलं, "पुढच्या नव्या स्प्रिंगा काढ, कंपनीच्या परत घाल." भाच्याचा चेहरा उतरला. "मामा, सगळ्यात महाग तेच घेतलंय की ओ." बहीण वहीतून मान वर न करता म्हणाली, "महाग आहे म्हणून बरोबर आहे का?" त्याने गुमान पाना उचलला. आर्म पुन्हा सरळ झाली. वेळ ८.४.

चौथ्या रविवारी मागच्या ॲक्सलला जोडायला उद्यमबागेत स्प्रिंग स्टीलची सळई तयार करून घेतली, २२ मि.मी.ची. आता मागची जोडी जास्त भार घेणार आणि पुढच्या आतल्या टायरला जमीन मिळणार. नाक झक्कास वळलं, पण भाच्याने मध्येच ॲक्सिलरेटर सोडला आणि शेपूट गर्रकन फिरली. रिकामं आवार होतं म्हणून निभावलं. सळई २० मि.मी.ची केली. भरीव सळईचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो, म्हणून २ मि.मी. कमी केले की तो जवळपास एक तृतीयांशाने उतरतो. आता ॲक्सिलरेटर सोडला तरी शेपूट जागेवर राहिली. वेळ ८.२. वळणात मागचं आतलं चाक किंचित उचललं जातं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांत ते नेहमीचंच.

अर्धा सेकंद ऐकायला किरकोळ वाटतो. पण ८.७ सेकंदांना ती गाडी ताशी ३९ किलोमीटरला घसरत होती, ८.२ला ४१ किलोमीटर वेगातही वर्तुळावर टिकून होती. शर्यतीत प्रत्येक वळणावर असं थोडं थोडं साठत जातं. त्याहून मोठं म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी ऐकते, हा भरवसा परत आला.

तुमच्या घरात कुणी गाडी 'वाढवायला' निघालं असेल तर आधी एवढं विचारा : जे बदलतोयस ते एकाच टोकाला, की दोन्ही टोकांचा विचार करून?

पावसाळा सरल्यावर आम्ही पुन्हा कोइमतूरला गेलो. ज्या वळणावर गाडी वाळूत गेली होती, तिथे मी कठड्याला धरून उभा होतो. स्विफ्ट आली, नाक आत घेतलं आणि निघून गेली. बहीण शेजारी होती. तिने वेळ लिहिला, वही मिटली आणि म्हणाली, "काढलेल्या त्या स्प्रिंगा विकून टाका आता. गाडी राहू दे."