लंडनचं पोर आणि उल्हासनगरची सकाळ: लहानग्यांच्या जेट लॅगबद्दलचे गैरसमज

डिसेंबर लागला की उल्हासनगर कॅम्प २ मधल्या कितीतरी घरांत परदेशातली नातवंडं उतरतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी कल्याणच्या जुन्या लष्करी छावणीतल्या बराकींत बिऱ्हाडं मांडली, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि पुढच्या पिढ्यांतली मुलं दुबई, हाँगकाँग, लंडन, न्यू जर्सीकडे पांगली. अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी घरांतली मुलंही आयटीच्या नोकऱ्या धरून त्याच वाटेने गेली. त्यामुळे तीन वर्षांचं पोर रात्री अडीचला टक्क जागं आणि दुपारी वरणभाताच्या ताटावर पेंगलेलं, हे दृश्य इकडे नवं नाही. नवे नाहीत ते सल्लेही. प्रवासाचा शीण आहे, दोन दिवसांत उतरेल. दुपारी झोपूच देऊ नका. सकाळी सकाळी कोवळ्या उन्हात न्या. जमलं तर जायफळ उगाळून चाटवा. सल्ले वेगवेगळे वाटले तरी सगळ्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे जेट लॅग हा एक प्रकारचा थकवा आहे आणि मूल कसंही करून झोपलं की तो संपतो.

ही समजूत तपासायला नकाशा पुरेसा आहे. लंडनहून जोहान्सबर्गला विमानाने जायला अकरा तास लागतात, पण दोन्हीकडच्या घड्याळांत फरक असतो जेमतेम एक-दोन तासांचा. प्रवासी आंबून उतरतात आणि एक रात्र नीट झोपले की ताजेतवाने होतात. मुंबईहून लंडनचा प्रवास त्याहून थोडा कमीच, दहा तासांच्या आसपास. पण हिवाळ्यात घड्याळ साडेपाच तास सरकतं आणि त्याचा हिशेब चुकता व्हायला तीन-चार दिवस जातात. म्हणजे विमानातल्या तासांवरून जेट लॅगचा अंदाज बांधता येत नाही. थकवा खरा असतो, त्यात वाद नाही. त्यातून मुंबईहून सुटणारी बरीच आंतरराष्ट्रीय विमानं मध्यरात्रीनंतरची, तेव्हा उल्हासनगरच्या माणसाला सहार विमानतळावर वेळेत पोचायचं तर रात्री नऊ-दहालाच घर सोडावं लागतं. मुलाची झोप मोडायला सुरुवात होते ती शहाड किंवा कल्याणच्या पुलावरच्या गर्दीत, विमान अजून दूर असतं. पण ही राहिलेली झोप आणि बिघडलेलं घड्याळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अलेक्झांडर बोर्बेली या स्विस संशोधकाने १९८२ मध्ये झोपेचं जे प्रारूप मांडलं, ते याच भेदावर उभं आहे. जागेपणी साचत जाणारी झोपेची ओढ एकीकडे आणि दिवस-रात्रीची वेळ राखणारं शरीराचं घड्याळ दुसरीकडे. पहिलीची भरपाई एका लांब झोपेत होते. दुसरं मात्र झोपेने सरकत नाही, त्याला सरकवण्याचं मुख्य काम उजेड करतो.

हे घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या चेता एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर असतं. सुमारे वीस हजार पेशींचा तो पुंजका. पेशींमधली जनुकं दिवसभराच्या लयीत कशी चालू-बंद होतात हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. आपल्या कामाचा भाग एवढाच की या घड्याळाची फेरी नेमकी चोवीस तासांची नसते, सरासरीने थोडी जास्त भरते. त्यामुळे ते उशिराकडे सहज ढळतं आणि लवकरकडे ओढायला जड जातं. मोठ्या माणसांवरच्या जुन्या निरीक्षणांचा अंदाज असा की पश्चिमेला गेल्यावर ते दिवसाला साधारण दीड तास जुळवून घेतं, पूर्वेला आल्यावर जेमतेम तासभर. म्हणून भारतातून लंडनला गेलेलं कुटुंब तीन-चार दिवसांत मार्गाला लागतं आणि लंडनहून आलेलं कुटुंब आठवडाभर रखडतं. तेव्हा ‘इकडे आलं की मूल किरकिरं होतं, हवा मानवत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यात हवेचा दोष थोडा आणि दिशेचा जास्त असतो.

मुलं लवचिक असतात, त्यांना जेट लॅग होतच नाही, असंही ठामपणे सांगितलं जातं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळापुरतं त्यात तथ्य आहे. त्या वयात हे घड्याळ पुरतं बसलेलंच नसतं, रात्री वाढणारं मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक लयीत यायला साधारण तिसरा महिना उजाडतो, आणि बाळ भुकेच्या तालावर झोपतं-उठतं. त्याला न्यू जर्सी काय आणि उल्हासनगर काय. पण दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं गणित उलटं आहे. त्यांची बाहुली मोठी आणि डोळ्याचं भिंग स्वच्छ, त्यामुळे तेवढ्याच दिव्याचा जास्त उजेड आत शिरतो. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या गटाने तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपण्याच्या आधीचा तासभर प्रखर उजेडात खेळू दिलं, तेव्हा त्यांचं मेलाटोनिन जवळपास ८८ टक्क्यांनी दबलं आणि दिवे मंद केल्यावरही बराच वेळ वर आलं नाही. हे २०१८ सालचं. २०२२ मध्ये त्याच गटाने अगदी मंद, ५ ते ४० लक्स एवढ्याच उजेडाचं मोजमाप केलं, तर सरासरी घट ७८ टक्के निघाली. बैठकीच्या खोलीतली ट्यूबलाइट याहून सहज प्रखर असते. लहान मुलांवर थेट जेट लॅगचे अभ्यास मोजकेच आहेत आणि वर दिलेले तासांचे अंदाज प्रौढांवरचे आहेत, हा आक्षेप रास्त आहे. पण ज्या उजेडाने हे घड्याळ सरकतं, त्याला मुलं मोठ्यांपेक्षा जास्त दाद देतात एवढं मोजलं गेलेलं आहे. आणि त्यावरून मुलांच्या बाबतीत उजेडाची वेळ अधिक काटेकोर पाळायला हवी, असाच निष्कर्ष निघतो.

आता सकाळच्या कोवळ्या उन्हाचा सल्ला. हा सगळ्यांत निरुपद्रवी वाटतो आणि इथेच सगळ्यांत जास्त गफलत होते. उजेड घड्याळाला कुठल्या बाजूला ढकलेल हे तो केव्हा पडतो यावर ठरतं. नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी शरीराचं तापमान सगळ्यांत खाली असतं. त्याच्या आधीच्या तासांतला उजेड घड्याळ उशिराकडे नेतो, त्याच्यानंतरचा लवकरकडे. लंडनमध्ये सातला उठणारं मूल घ्या. त्याचा तळ तिथल्या पहाटे साडेचारच्या सुमारास, म्हणजे आपल्या सकाळी दहाला. आजोबा हौसेने त्याला पहिल्याच दिवशी सातला गोल मैदानात फिरायला घेऊन गेले, तर ते ऊन त्याच्या मेंदूला ‘अजून संध्याकाळ लांबली आहे’ असं सांगतं. भारताकडे यायचं सोडून घड्याळ आणखी पश्चिमेला सरकतं, आणि दुसऱ्या रात्री मूल अडीचऐवजी तीनपर्यंत जागं. मग ‘एवढं फिरवून आणलं तरी झोपत नाही’ म्हणून घर हैराण. त्याच मुलाला पहिले एक-दोन दिवस दहापर्यंत पडदे ओढून मंद उजेडात ठेवलं, आणि दहा ते दोनच्या दरम्यान भरपूर बाहेर काढलं, तर तोच सूर्य कामाला येतो. पुढे रोज ही वेळ तासाभराने अलीकडे आणायची. चौथ्या-पाचव्या दिवशी आजोबांचं सकाळचं फिरणं खुशाल चालू करावं. दाल-पकवानाच्या गाडीपर्यंत गेलं तरी हरकत नाही.

बाहेर काढणं हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. कॅम्प २ मधल्या गजानन मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की पहिल्या मजल्यावर भरदुपारी दिवा लावावा लागतो. अशा खोलीत शे-दोनशे लक्स मिळाला तरी पुष्कळ. ढगाळ दिवशीही उघड्यावर दहा हजारांच्या घरात आणि स्वच्छ उन्हात लाखाच्या आसपास उजेड असतो. गच्चीवर तासभर खेळणं हे खिडकीपाशी दिवसभर बसण्यापेक्षा सरस, हा हिशेब तिथूनच येतो. सवड असेल तर अंबरनाथचं शिवमंदिर या कामासाठी नामी आहे. १०६० सालचं, उघड्या आवारातलं, आणि शिल्पांतले हत्ती शोधण्यात मूल रमतं.

न्यू जर्सीची गोष्ट आणखी अवघड. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा, म्हणजे रात्रीचा जवळजवळ दिवसच. एवढ्या अंतरात घड्याळ पुढे जायचं की मागे, हे शरीराचं शरीर ठरवतं आणि कधी कधी उलट्या वाटेने वळसा घालून येतं. तिथे सातला उठणाऱ्या मुलाचा तळ आपल्या दुपारी तीनच्या सुमाराला पडतो. तेव्हा पहिले काही दिवस दुपारी तीन ते सूर्यास्तापर्यंतचं ऊन घेणं हा सरळ मार्ग. तरीही नऊ-दहा दिवस धरून चालावं. तीन आठवड्यांच्या सुट्टीतला निम्मा काळ यात जाणार, हे आधीच मान्य केलेलं बरं. गंमत अशी की ब्रिटिशांनी १९०६ मध्ये भारताची एक प्रमाणवेळ ठरवली तेव्हा मुंबईकरांना फक्त एकोणचाळीस मिनिटं बदलायची होती, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहराने आपली ‘मुंबई टाइम’ सोडली नाही. अडीच वर्षांच्या पोराकडून मात्र एका रात्रीत साडेदहा तासांची अपेक्षा!

दुपारी झोपू न देण्याच्या सल्ल्यात थोडं तर्कशास्त्र आहे: ओढ साचली की रात्री झोप लागेल. मोठ्या माणसाला ते काही अंशी चालतं. पण एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात, डुलक्या धरून, ११ ते १४ तास झोप लागते आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३. त्यांची ओढ मोठ्यांपेक्षा झपाट्याने साचते. जबरदस्तीने जागं ठेवलेलं मूल थकतं, चिडतं, ताणाने आणखी तरतरीत होतं आणि शेवटी संध्याकाळी सहाला असं कोसळतं की रात्री अकराला दिवस सुरू करतं. डुलकी द्यावी, फक्त ती दीड तासावर जाऊ देऊ नये आणि चारच्या आत उठवावं. रात्री जाग आली तर भूक खरी असते, कारण यकृत आणि आतड्यांचीही आपापली घड्याळं असतात. दूध-पोळी द्यावी, मंद दिव्यात. ट्यूबलाइट लावून, टीव्ही सुरू करून, ‘आता तिकडे जागे असतील’ म्हणत व्हिडिओ कॉल जोडणं हे लंडनच्या मुलासाठी नेमकं चुकीच्या वेळचं आहे. आपल्या रात्री दोनला त्याच्या शरीरात रात्रीचे साडेआठ झालेले असतात, आणि त्या वेळचा उजेड त्याला मागे खेचतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की लग्नाचं घर, पाहुण्यांची वर्दळ, दोन खोल्या, त्यात कसला अंधार आणि कसला मंद दिवा? आक्षेप खोटा नाही. पण चोवीस तास पाळायचं असं काही नसतंच. सकाळचे तीन-चार तास आणि रात्रीचे तेवढेच, एवढ्या दोन वेळा सांभाळल्या तर मधल्या वेळात मूल हळदीत नाचलं काय किंवा पंगतीत बसलं काय, फरक पडत नाही. आणि दुबईहून चार दिवसांसाठी आलेल्यांनी तर काहीच करू नये. दीड तासाचा फरक. तिथे साडेआठला झोपणारं मूल इथे दहाला झोपलं तर उल्हासनगरात ते उशिराचं मानलंच जात नाही.

राहिला औषधाचा मार्ग. जायफळात मायरिस्टिसिन हे द्रव्य असतं, जास्त झालं तर ते विषारी ठरतं, आणि सहाणेवर उगाळलेल्या लेपात ते किती उतरलं हे कुणालाच मोजता येत नाही. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या औषधांची गत वेगळी नाही. डायफेनहायड्रामिनने तान्ह्या बाळांची झोप सुधारते का हे पाहणारी अमेरिकेतली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. फायदा दिसेना म्हणून ती मुदतीआधीच थांबवली होती. शिवाय काही मुलं अशा औषधाने झोपण्याऐवजी चेकाळतात, तेही पस्तीस हजार फुटांवर. अमेरिकेहून बॅगेत येणाऱ्या मेलाटोनिनच्या गोड गोळ्यांना तिथे पूरक आहाराचा दर्जा आहे, औषधाचा नाही. २०२३ मध्ये तपासलेल्या अशा २५ उत्पादनांपैकी २२ मध्ये मात्रा लेबलशी जुळली नाही, एकात तर साडेतीनपटीच्या जवळ होती. मेलाटोनिन घड्याळ सरकवतं हे खरं, पण उजेडाप्रमाणेच त्यालाही वेळ असते. चुकीच्या वेळी दिलेलं चुकीच्या दिशेला नेतं. ते द्यायचंच तर बालरोगतज्ज्ञाने सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितलेल्या वेळी.

परतीचा हिशेब मात्र तिकीट काढतानाच करायला हवा, आणि तो बहुधा राहून जातो. लंडनला परतलेलं मूल दुपारी साडेतीनला पेंगतं, कारण इथे तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात, आणि रात्री दीडला उठून नाश्ता मागतं. आता उलट करायचं: संध्याकाळी घर उजळ ठेवायचं. जानेवारीत तिथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे जूनमधल्या रात्री सव्वानऊपर्यंतच्या उजेडाची मदत नाही, दिव्यांवरच भिस्त. पश्चिमेकडची सोपी वाट असल्याने तीन-चार दिवसांत जमतं. पण शाळा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उघडते आणि आग्रह असतो शेवटचं लग्न आटोपून, रविवारी उतरून सोमवारी शाळेत पाठवण्याचा. ते एक लग्न सोडून बुधवारचं विमान धरलं, तर मावशी चार दिवस रुसतात.