विश्लेषण : घरातले विंडोज आणि लिनक्स संगणक एकमेकांच्या फायली कशा उघडतील?

अभियांत्रिकी महाविद्यालय असलेल्या भंडारा जिल्ह्यातील शहापूरसारख्या गावात एका घरात दोन-तीन संगणक असणे आता नवलाचे राहिलेले नाही. मुलीच्या लॅपटॉपवर नवे विंडोज असते, तर वडिलांच्या जुन्या संगणकावर लिनक्स. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यानंतर, विंडोज ११ न चालणाऱ्या यंत्रांसाठी लिनक्स हा बिनखर्चाचा पर्याय ठरतो. मात्र सातबारा, गुणपत्रिका आणि लग्नाचे फोटो एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यायला अजूनही पेनड्राइव्हच शोधला जातो.

अडचण नेमकी कुठे येते?

प्रत्येक प्रणाली डिस्कवर आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवते. लिनक्सची ‘ईएक्सटी ४’ पद्धतीची डिस्क विंडोजला थेट वाचता येत नाही. ‘फॅट ३२’ पद्धतीचा पेनड्राइव्ह सगळीकडे चालतो, पण त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही. नेटवर्कवर हा प्रश्नच येत नाही. ज्याची डिस्क, तोच संगणक ती वाचतो आणि मागणाऱ्याला फक्त मजकूर पाठवतो. दोघांना एक सामायिक भाषा आली की पुरे.

ही भाषा कोणती?

तिचे नाव ‘एसएमबी’. १९८०च्या दशकात ती आयबीएम कंपनीत तयार झाली आणि पुढे विंडोजने स्वीकारली. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे संशोधन करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये नेटवर्कवरून जाणारी माहिती न्याहाळत तिचे नियम ताडले. त्यातून ‘सांबा’ हा मुक्त प्रोग्राम जन्मला. लिनक्स आजही त्याच्याच आधारे विंडोजशी बोलते. ॲपलनेही २०१३ पासून आपल्या संगणकांत एसएमबीलाच पसंती दिली.

जोडणी कशी करायची?

दोन्ही संगणक एकाच राउटरवर हवेत. ‘गेस्ट’ वायफायवर ते बहुधा एकमेकांना दिसत नाहीत. विंडोजमध्ये नेटवर्क ‘प्रायव्हेट’ ठेवावे आणि एकच फोल्डर निवडून त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘शेअरिंग’ सुरू करावे. लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क’वर गेल्यास तो संगणक दिसतो. न दिसल्यास त्याचा आयपी पत्ता टाकावा. येथे अनेकांची गाडी अडते, कारण विंडोजचा पिन नेटवर्कवर चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो. त्यासाठी वेगळे स्थानिक खाते काढलेले बरे. ही देवाणघेवाण राउटरपुरतीच असल्याने इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही आणि नेट बंद असतानाही काम चालते.

धोका काय?

पासवर्डची कटकट नको म्हणून फोल्डर ‘एव्हरीवन’ला खुला करण्याचे आणि एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करण्याचे सल्ले इंटरनेटवर सर्रास मिळतात. त्याची किंमत जगाने मोजली आहे. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ याच जुन्या आवृत्तीतील त्रुटीतून पसरला. त्रुटी बुजवणारे अद्यतन मार्चमध्येच आले होते, पण अनेकांनी ते घेतले नव्हते. जूनमध्ये आलेल्या ‘नोटपेट्या’नेही पसरण्यासाठी तीच त्रुटी वापरली. त्यात मर्स्क कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ही आवृत्ती सहसा बसवली जात नाही. जुने उपकरण तिचाच आग्रह धरत असेल तर ते उपकरण बदलणे श्रेयस्कर.

मग घराने काय पाळावे?

संपूर्ण डिस्क नव्हे, एकच फोल्डर द्यावा. फक्त पाहायचे असेल तर ‘रीड’ इतकीच परवानगी ठेवावी. राउटरवरून एसएमबीची वाट बाहेरच्या इंटरनेटला उघडू नये. आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची एक प्रत नेटवर्कपासून वेगळी ठेवावी. लिहिण्याची परवानगी असलेल्या संगणकात खंडणीखोर विषाणू शिरला, तर तो सामायिक फोल्डरमधील फायलीही कुलूपबंद करू शकतो. अशा वेळी कपाटातला तोच जुना पेनड्राइव्ह कामी येतो.